पार्सेत सगळं बरं आहे

गडहिंग्लजहून सकाळच्या एसटीने निघाले तेव्हा पिशवीत कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा होता आणि डोक्यात फक्त गोवा. कंडक्टरने विचारलं, "दादा, कुठं?" मी मुलगी आहे हे माझं मला ठाऊक, त्याला काय त्याचं. मी आमच्या हेडमास्तरांच्या आवाजात सांगितलं, "पेडणे एक. आणि ती खिडकी लावा." बिचारा खरंच खिडकी लावायला गेला. नकला हा माझा जुना धंदा. शाळेत बाईंची नक्कल केली की टाळ्या, स्वतःच्या आवाजात बोलले की छडी.

काम डिचोलीतल्या एका संस्थेच्या मॅडमनी दिलेलं, ते असं होतं. माझ्यासारखी मुलं, म्हणजे जन्मल्या दिवशी घरच्यांनी ठरवलं ते आपण नव्हेच हे कळलेली, ती कितपत सुखात आहेत हे मोजायचं. झोप लागते का, हसू येतं का, मनातलं सांगायला कुणी आहे का. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच. आकडे खाली आले तर पेडण्यात दर आठवड्याला समुपदेशक बसणार. वर आले तर कशाला बसतोय? नावं एका ओळखीच्या गटाकडून आली होती. अट एकच: घरी 'तरुणांच्या तब्येतीची पाहणी' म्हणून जायचं, मोठ्या माणसासमोर विचारायचं, त्याची सही घ्यायची. ही अट घालणाऱ्याला एकदा आमच्या घरी जेवायला बसवा. तोही मनातलं गिळून मुकाट चपाती मोडेल.

पत्रादेवीचा नाका ओलांडला आणि काजूचा वास बसमध्ये शिरला. पेडण्याच्या बाजारात गरम उंडो (जाड सालीचा गोल पाव) आणि पातळभाजी खाल्ली. दोनदा. मग घरोघर निघाले. माणसं इतकी प्रेमळ की विचारू नका. सोप्यावर (पुढच्या ओसरीवर) बसवतात, चहा देतात, पण पाहुण्यासमोर घरातलं दुखणं काढत नाहीत. पाण्याच्या तांब्यासोबत 'बरा आसा' येतंच. मूल शेजारी खाली बघत बसलेलं, आणि मी लिहितेय चार, चार, चार. दोन दिवसांत नऊ फॉर्म झाले. मला वाटलं, काय झकास काम करतेय मी.

तिसऱ्या दिवशी पार्से. घराला लागून काजूचं भाट (बाग). सायली एकोणीस वर्षांची. हे नाव तिचं तिने ठेवलेलं, घरात दुसरं चालतं. डोक्यावरचे केस कुणीतरी आंधळ्याने कापल्यासारखे. मी तिला पहिला प्रश्न विचारला, उत्तर आईने दिलं.

"आमचो झील (मुलगा) बरो आसा. जेवता, भाटात काम करता. आनीक काय व्हया?"

सगळ्या प्रश्नांना आईच बोलली, घाईघाईने, माझ्या पेनाकडे बघत. सही केली. वर म्हणाली, पाहुणी लांबून आलीय, हिला नीरो पाज. नीरो म्हणजे काजूच्या बोंडांचा ताजा रस. आम्ही भाटात गेलो. मला 'पाहुणी' म्हणणारी बाई पोटच्या पोरीला 'झील' म्हणते, हे रसापेक्षा घशात जास्त लागलं.

सायलीने पेला भरला आणि शांतपणे म्हणाली, "तू बरयलंस तां आवयचा. आता माजा बरय." (तू लिहिलंस ते आईचं. आता माझं लिही.)

मी दुसरा फॉर्म काढला. सकाळी उठून ताजंतवानं वाटतं का, विचारलं.

"उठाचा कित्याक, तां पयला सांग." (उठायचं कशाला, ते आधी सांग.)

शिमग्याला काकाने तिचे वाढवलेले केस अंगणात सगळ्यांसमोर कापले होते. लोक हसले होते. तेव्हापासून ती आरशात बघत नाही. समुपदेशकाकडे पणजीला जायचं तर घरी कारण सांगावं लागतं, म्हणून पेडण्यात कुणी बसलं तर हवंय, इतकंच मागणं. सगळी शून्यं. एका प्रश्नाला एक दिला तिने. मी आले म्हणून.

दुसऱ्या दिवशी म्हापशात बस बदलली. तिथे लाल पेन घेतला आणि डिचोलीपर्यंत खडखडाटात प्रत्येक फॉर्मवर लिहीत गेले: उत्तरं आईने दिली. उत्तरं काकाने दिली. वहिनीने. शेजारणीने. नऊ घरं चहा पीत खोटं लिहिलं होतं मी, माझ्या सुंदर अक्षरात. रस्त्याकडेला खाणीचे ट्रक गंजत उभे होते आणि मी त्यांच्याहून लाल झाले होते.

डिचोलीतल्या ऑफिसात मॅडमनी सायलीचा दुसरा फॉर्म बाजूला सारला. "यावर सही नाही गं. धरता येत नाही. आणि बाकीचे का खराब केलेस?"

"खराब आधीच होते," मी म्हटलं. यावेळी कुणाच्या आवाजात नाही.

त्या म्हणाल्या, संध्याकाळी पाठवायचेत, आता नवे कुठून आणू. मी म्हटलं, आणू नका. शेवटी लाल शाईसकटच गेले. सायलीचा दुसरा फॉर्म मी पहिल्याला टाचणीने लावला आणि स्कॅनच्या मशीनमधून जाईपर्यंत तिथून हलले नाही. पुढच्या कामाला मला बोलावणार नाहीत, हे तेव्हाच सांगून टाकलं त्यांनी. समुपदेशक बसेल की नाही ते कुणीच सांगितलं नाही.

आंबोलीचा घाट चढून गडहिंग्लजला आले. दारात आई. "आलास? कसा झाला प्रवास?" तिने तांब्या पुढे केला.

'बरा' जिभेवर आलाच होता. मी पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला.

"आई, बस जरा," म्हटलं. "सांगते."