अर्धा उघडा व्हॉल्व्ह

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना जगात दोनच अवस्था मान्य आहेत, पूर्ण उघडं आणि पूर्ण बंद. खोपोलीच्या बाजूला एका कागद कारखान्यात जन्मभर पाइपलाइनी सांभाळून ते निवृत्त झाले आणि भिसेगावात आमच्या इमारतीच्या पाण्याचे स्वयंघोषित पालनकर्ते झाले. त्यांच्या घराचं दार एक तर सताड उघडं, नाहीतर आतून कडी. चहा कपाच्या काठापर्यंत, नाहीतर नाहीच. सोसायटीच्या मीटिंगला त्यांनी तोंड उघडलं, की अध्यक्षांनाच घरी जावं लागतं. एकदा दोन्ही विंगांना सारखं पाणी मिळावं म्हणून कुणीतरी टाकीखालचा गेट व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवला, तर काकांनी अख्खी इमारत खाली बोलावली. "ह्याच्या पोटात पाचर हाय, पाचर! चाक फिरवलं की वर जाते, उलटं फिरवलं की खाली येऊन गच्च बसते. मग पाण्याचाच दाब तिला बैठकीवर रेटतो, थेंब गळत नाय. पण अर्धी लोंबकळत ठेवलीत, तर पाणी तिला थडाथडा हाणतं, बैठक खाऊन टाकतं. मग कितीबी आवळा, गळणारच!" सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह पुन्हा अर्धा होता.

कळंबला राहणाऱ्या धाकट्या भावाच्या बाबतीतही काका तत्त्वाला धरून होते. त्याने न विचारता दोघांची आमराई रिसॉर्टवाल्याला विकली, त्या दिवसापासून बोलणं बंद. "थेंब गळत नाय," असं ते वर अभिमानाने सांगत. काकू म्हणायच्या, "टाकीखालचा वॉल जाम होऊ नये म्हणून दर महिन्याला फिरवून बघतात. भाऊ तेवढा राह्यला फिरवायचा."

यंदा पुतणीचं लग्न ठरलं. तिने निरोप धाडला, "काका आल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाय." हळदीच्या दिवशी काकूंनी काकांना माझ्या गाडीत घातलं. ते आले, पण बंद अवस्थेत. मांडवात भावाकडे पाठ करून बसले. भाऊही लांबच उभा राहिला. पंगतीच्या स्वयंपाकासाठी बोअरचा पंप चालू होता आणि अंगणातला व्हॉल्व्ह सारखा खडखडत होता. वाजंत्रीतही तो काकांना बरोबर ऐकू येत होता. त्यांनी बसल्या जागी चुळबुळ केली, कानाला रुमाल बांधला. अखेर ताडकन उठले, चाक फिरवून व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, जाम होऊ नये म्हणून जरासा मागे घेतला आणि गरजले, "हा अर्धा कोणी ठेवला रं?"

"मी," भाऊ म्हणाला. "सकाळपासून. दुसऱ्या कशानं बोलला असतास तू?"

"बैठक खराब झाली असती ना रं," काका चाक न सोडता म्हणाले.

"बघ की, किती शिल्लक हाय ती."

भाऊ जवळ आला. त्याचेही केस पांढरे झालेत, हे काकांना तिथंच दिसलं असावं, कारण त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. हळद भिजवून पुतणी खोळंबली होती. पण जाऊन त्यांना बोलवावं, असं आमच्यापैकी कुणालाच वाटेना.