अर्धा कोयता

दुधाच्या कॅनचं झाकण निघालं की वहिनी आधी नाक आत घालायच्या. डोळे मिटून जरा थांबायच्या आणि म्हणायच्या, "घ्या," नाहीतर, "न्या परत." नासलेलं दूध त्यांच्या नाकाखालून कधी गेलं नाही.

संध्याकाळी शाळेतून त्यांची दोन पोरं दूध केंद्रावर यायची, तेव्हा त्यांचीही हीच तपासणी.

"तोंड उघड. चिंचा खाल्ल्यास. मधल्या सुट्टीनंतर वर्गात नव्हतास."

चौथीतलं पोरगं खाली बघायचं. सातवीतली बहीण तोंड दाबून हसायची.

नांदूरघाटजवळच्या आमच्या गावात दूध सोसायटीचा मी सचिव. सचिव म्हणजे खुर्ची माझी आणि काम त्यांचं. गावच्या नात्याने त्या मला वहिनी. पोरं वाढवणं या विषयात माझा अधिकार केवढा, तेही सांगून टाकतो. एकदा हेडमास्तरांनी विचारलं, मुलगा कितवीत? मी पाचवी म्हणालो. तो सातवीत होता. आमची मंडळी ही गोष्ट अजून प्रत्येक लग्नात सांगते. त्यामुळे ही बाई सकाळी धारेच्या वेळी केंद्र उघडते, मग कॅनबरोबर जीपने तालुक्याच्या शीतकरण केंद्रावर जाते, संध्याकाळी पुन्हा दूध घेते, आणि तरी पोरांच्या वेण्या, डबे, पाढे कसे सांभाळते, याचं मला भारी कुतूहल.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे दिवाळीच्या मागेपुढे ट्रक भरभरून माणसं ऊस तोडायला जातात. टोळी नेणारा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा नवरा गेला की तो अर्धा. पोरं मोजण्यात नसतात. ती भांड्याकुंड्यांबरोबर ट्रकमध्ये चढतात आणि शाळा मागे राहते. वहिनींची स्वतःची शाळा अशीच ट्रकमध्ये चढली, ती कुठे उतरलीच नाही. म्हणून त्यांनी केंद्राचं काम धरलं आणि पोरांना घेऊन गावात राहिल्या. नवरा भावकीतल्या एका एकट्या गड्याबरोबर जोडी लावून जायचा. गावात त्याला 'अर्धा कोयता' म्हणूनच हाक मारत. तोही ओ द्यायचा.

मग पाठोपाठ दुसरं वर्ष कोरडं गेलं. जनावरं चारा छावणीला गेली, दूध आटलं. आलं ते मात्र एकदम अस्सल, कारण टँकरचं पाणी दुधात घालायची छाती कोणाची?

त्याच दिवसांत एका संध्याकाळी वहिनींनी पोरीची बाही हुंगली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"डिझेल. कुणाच्या जीपात बसलतीस?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी. सातवीतली पोर आणि परक्याची जीप, आईच्या डोक्यात काय काय आलं असेल ते तुम्हीही ओळखाल. शेवटी धाकट्याने तोंड उघडलं. पाण्याचा टँकर ऐन शाळेच्या वेळेला, अकरा वाजता येतो. आई कॅनबरोबर गेलेली असते. मग एक दिवस ताई शाळा बुडवून नंबर धरते, एक दिवस तो. टँकरवर चढून नळी ओढायची म्हणजे डिझेल लागतंच.

"आन् मास्तरला काय सांगता?"

"पोट दुखतंय म्हून. एक दिवस तिचं, एक दिवस माझं."

मला हसू आलं, पण वहिनी हसल्या नाहीत. पोरीची बाही त्यांनी खाली ओढून नीट केली.

"बाप अर्धा कोयता हाय, तेवढं पुरं," त्या म्हणाल्या. "शाळा अर्धी न्हाई करायची." मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, अकरा वाजता तुमी काय करता?"

मी खरंच आठवून पाहिलं. काही आठवेना.

दुसऱ्या दिवसापासून मी घागर घेऊन बायांच्या रांगेत. एका म्हातारीने चौकशी केली, "सचिव सायेब, दूध सरलं व्हय?" आमच्या मंडळींनी आपल्याही दोन घागरी सोबत दिल्या. मी घराच्या उपयोगी पडलो असा हा पहिलाच प्रसंग असल्याचं त्यांचं मत आहे.

पण दिवाळीच्या तोंडावर दूध इतकं घटलं की जीप पाठवणं परवडेना. सोसायटीने केंद्र बंद केलं. नवऱ्याच्या जोडीचा गडी पुण्याला गेला होता, आणि मुकादम म्हणाला, यंदा पूर्ण कोयता असेल तरच घेतो. म्हणजे वहिनींनाही जाणं आलं. प्रश्न पोरांचा होता.

त्या आमच्या घरी आल्या, उंबऱ्याजवळ बसल्या, मंडळींशी पापडापासून पाहुण्यांपर्यंत सगळं बोलल्या. उठता उठता म्हणाल्या, "पोरगी भाकरी थापती. पोरगं खोडीचं हाय, पर ऐकतं."

मंडळी म्हणाली, "राहू द्या इथं. आमच्या ह्यांना कळणार बी न्हाई, घरात दोन वाढली ते."

ट्रक सहसा संध्याकाळी सुटतात. पोरं बिलगतात, रडतात, आणि शेवटच्या घटकेला कोणीतरी हात देऊन त्यांना वर ओढून घेतं. वहिनींनी मुकादमाशी भांडून सकाळची, शाळा भरल्यानंतरची वेळ ठरवली.

मी फाट्यापर्यंत सोबत म्हणून ट्रकमध्ये चढलो. भांडी, सरपण, एक शेळी, कडेला नवरा आणि मधे वहिनी. ड्रायव्हरने नव्या वधूवरांची गाडी असल्यासारखा गावभर हॉर्न लावला होता. रस्ता शाळेच्या खिडक्यांना लागूनच जातो. शाळा दिसली तशी वहिनींनी केबिनच्या पत्र्यावर थाप मारली.

"हॉर्न वाजवू नका. पोरं वर्गात हायती."

आणि त्या ट्रकच्या बाजूच्या फळीआड खाली वाकल्या. आत सातवीचा वर्ग एका सुरात कविता म्हणत होता. ट्रक हळूहळू खिडक्यांवरून गेला. आत एकाही पोराने मान वळवली नाही.