पान काळंच राहील

मागच्या आठवड्यात एका संपादकबाईंनी फोनवर मला अगदी गोड आवाजात सांगितलं, "चित्रं सुंदरच आहेत हो, पण पानं पांढरी करा. काळ्या पानांना लहान मुलं घाबरतात. तेवढं केलंत की पुस्तक लगेच छापू." वर्षभर खपून केलेलं माझं पुस्तक त्या 'तेवढ्या'वर अडलं. माझं डोकंच सणकलं.

मुलं घाबरतात म्हणे! मी काय जन्मतः चाळिशीची होते?

माझी आई धंतोलीतल्या एका दवाखान्यात आया होती. पेशंटांनी न नेलेल्या जुन्या एक्स-रे फिल्म रद्दीत निघाल्या की ती माझ्यासाठी घरी आणायची. इतर मुलांना कोरे कागद मिळायचे, मला लोकांच्या छात्या आणि गुडघे. फिल्म खिडकीला धरली की बरगड्यांमागे कुणीतरी बसलेलं दिसायचंच. कुणाच्या छातीत घुबड, कुणाच्या मांजर. मी कर्कटकाच्या टोकाने त्यांना कोरून काढायची. खरवडलं की काळं निघून जायचं आणि रेघेतून ऊन यायचं. नागपूरचं ऊन ते, घुबडाच्या डोळ्यांकडे बघवायचं नाही.

एकदा हौसेने एक फिल्म शाळेत नेली. चित्रकलेच्या सरांनी ती दोन बोटांत धरून सगळ्या वर्गासमोर सुनावलं, "असलं अभद्र पुन्हा आणायचं नाही." मी रडत घरी आले.

आईने विचारलं, "तुले भेव वाटते का त्याचं?"

"नाही."

"मंग काहून रडून राहिली वं? काढ नं."

मी काढत राहिले. फिल्म मिळेनाशा झाल्या तेव्हा काळा थर दिलेल्या पांढऱ्या कार्डावर तसंच खरवडून काढायला लागले. हात तोच, कर्कटक तेच, आणि पोटही त्यावरच भरतं.

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा आई शेजारीच बसली होती. खोकला हटेना म्हणून त्याच सकाळी तिचा एक्स-रे काढून आणला होता. घाबरण्यासारखं काही निघालं नाही. बाई काय म्हणाल्या ते मी सांगितलं, तशी ती उठली, पाकिटातून स्वतःची फिल्म काढून तिने खिडकीला लावली.

"पाह्य बरं, माह्यात कोण बसून राहिलं."

गावभरच्या छात्या पाहिल्या होत्या, आईची कधीच नाही. मी खिडकीजवळ जाऊन नीट बघितलं आणि म्हटलं, "खुडूक कोंबडी. अंड्यांवर पंख फुगवून बसलीय."

"वाघीण तरी म्हणायची होती!" ती हसता हसता खोकली. "काढ मंग तिले."

काढली. पुस्तकाचं पहिलं पान आता तेच आहे. कालच ते संपादकबाईंना पाठवलं आणि खाली लिहिलं: पान काळंच राहील. छापायचं नसेल तर चित्रं परत पाठवा. तुम्हाला भीती वाटत असेल तर तसं सांगा, मुलांचं नाव पुढे करू नका.