सातवीचा तपास आणि अण्णांचं पोतं

चोरी मी केली, तपास कसा करायचा तेही मीच शिकवलं, आणि तरी मी चोर आहे हे कुणाला पटवता येईना. असली फजिती कधी ऐकलीय? घ्या, चहा घ्या, सांगते.

मी मूळची कळमनुरीची. हिंगोली जिल्ह्यात, पुसेगावच्या अलीकडं एका खेड्यात सातवीला विज्ञान शिकवते. राहायला शाळेमागंच, अण्णांच्या घरी भाड्यानं. अण्णा हळदीचे शेतकरी. हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे हळदीच्या बाजारात, त्यांचं नाव असं, की अडत्या त्यांच्या पोत्याला वरवर हात लावतो आणि बोली सुरू करतो. अण्णांना अभिमान काय तो एवढाच. रोज संध्याकाळी मी तो ऐकत असते.

तर पोरांना फॉरेन्सिक सायन्स शिकवायचं होतं. आता ठसे, पुरावे हे फळ्यावर काय शिकवणार? म्हटलं, शाळेत चोरीच घडवू. शनिवारी शाळा सुटल्यावर खुर्चीवर चढले आणि व्हरांड्यातली थाळीएवढी पितळी घंटा काढून घेतली. खिळ्याला हेडसरांच्या मफलरचा धागा अडकवला. हेडसर बारमाही मफलर घालतात, त्यामुळं धाग्याला तोटा नाही. त्यांना विचारलं का? छे. विचारून मग मजा काय राहिली? चोर म्हणून हेडसर सापडतील, सगळे हसतील, आठवड्याभरात घंटा जागेवर. असा आपला साधा बेत.

घंटा लपवली अण्णांच्या शेडमध्ये. एका पोत्याचं तोंड शिवायचं राहिलं होतं, त्यात खोल हळकुंडांच्या मधोमध. तिथं कोण हात घालतंय?

सोमवारी हेडसरांनी स्टीलचं ताट बडवून शाळा भरवली आणि सातवी कामाला लागली. ठसे उठवायला टाल्कम पावडर आणा म्हटलं, तर राधा, म्हणजे वर्गाची मॉनिटर, म्हणाली, "मॅडम, पावडर काहून? घरी हळद पडून हाय." काळ्या लोखंडी खुर्चीवर हळद भुरभुरली, तर ठसे असे पिवळेधमक उठले की मला भरून आलं. ताडून बघायला शाळेतल्या सगळ्यांच्या बोटांचे ठसे कागदावर घेतले. पोरं बुजायला नकोत म्हणून पहिला ठसा मी माझाच दिला. हुशारी बघा माझी.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग एकदम गप्प.

"राधा, तपास कुठवर आला गं?"

"काहीच सापडून न्हाई राहिलं, मॅडम," ती जमिनीकडं बघत म्हणाली.

खुर्ची मात्र साबणानं घासून लख्ख केलेली. मी स्वच्छतेबद्दल वर्गाचं कौतुक केलं. दोघीतिघींनी माझ्यासाठी डब्यातून धपाटे आणले. मला वाटलं, माझं शिकवणं लेकरांच्या मनाला भिडलं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत जेवायला घरी आले, तर शेड रिकामी. अण्णांची सून झाडून घेत होती.

"अगं, पोती कुठं गेली?"

"मामाजी सकाळीच टेम्पो भरून मोंढ्याला गेले की."

म्हणजे घंटाही गेली. अण्णा फोन उचलेनात. मिळेल त्या जीपमध्ये स्वतःला कोंबलं आणि हिंगोली गाठली. पण पोतं आधीच पालथं झालेलं. हळकुंडांच्या ढिगावर आमची घंटा, भोवती गर्दी, आणि अण्णा टोपी हातात घेऊन उभे.

अडत्या म्हणत होता, "माती पाहिली, खडे पाहिले. वजनाला घंटा घातलेली पहिल्यांदाच पाहून राहिलो."

अण्णांनी आयुष्यभर जपलेलं नाव माझ्यापायी मातीत चाललं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी गर्दीत घुसले.

"ती घंटा मी ठेवली. अण्णांना काही माहीत नाही."

"तुमी कोण?"

"शाळेत शिकवते. विज्ञान."

"मग घंटा काहून चोरली?"

"पोरांना शिकवायला."

"काय, चोरी?"

गर्दी हसली. एक हमाल म्हणाला, "मॅडम घरमालकाला वाचवून राहिल्या." अडत्यालाही ते पटलं. "पुरावा हाय का काही?" त्यानं विचारलं.

पुरावा? माझ्याकडं पुराव्यांचा अख्खा वर्ग होता. मी हेडसरांना फोन लावला. म्हटलं, "सर, सातवीत जा आणि फोन स्पीकरवर टाका." इकडं मीही टाकला. सगळा मोंढा कान देऊन ऐकू लागला.

"राधा, खुर्चीवर ठसे कुणाचे होते?"

"कुणाचेच न्हाई."

"नीट आठवून सांग."

"न्हाई, मॅडम, कुणाचेच न्हाई," या वेळी पूर्ण वर्ग एका सुरात.

अडत्यानं अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी मान आणखी खाली घातली.

"राधा, इकडं अण्णांवर आळ आलाय गं. खरं सांग."

मग ती रडायलाच लागली. "मॅडम, ठसे तुमचेच व्हते. सोमवारीच कळलं आमाला. पण तुमी चांगलं शिकवता. मग आमी ठरवलं, कुणाला सांगायचं न्हाई. खुर्ची घासली, मफलरचा धागा जाळला, आन् तुमच्या ठशाचा कागद बाळूनं खाऊन टाकला."

"कुणाच्या मफलरचा?" तिकडून हेडसरांनी विचारलं. मला ते ऐकू आलं नाही असं मी ठरवलं.

मोंढा पोट धरून हसत होता. अण्णांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. अडत्यानं घंटा उचलून माझ्या हातात दिली, अण्णांच्या हळदीची बोली पुन्हा सुरू केली, आणि जाता जाता त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला,

"अण्णा, तुमची हळद मी आजबी न पाहता घेईन. पण भाडेकरू ठेवताना तुमी जरा पारखून ठेवत जा."