चाळीस पानांवरचा निकाल

घाटनांदूरच्या आमच्या वाचनालयात एक पंक्चरवाला रोज दुपारी यायचा. हात घासून धुतले तरी बोटं काळीच राहायची, म्हणून तो पान कागदाच्या कपट्यानं उलटायचा. वर्षभर एकच पुस्तक: राक्षस, राज्यं आणि शापित नदीची आठशे पानांची कादंबरी.

मी समितीवर होतो. चाळीस पानांत कंटाळलो आणि ती रद्दीत काढली. दारावर लावलेल्या यादीत ‘कोणी वाचत नाही’ असा शेरा मारला. तो वाचतो हे मला दिसत होतं. पण घरी नेल्याची नोंद नव्हती, तेवढं मला पुरलं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. “कावून काढलं, सर? कोन म्हनलं वाचत न्हाई?”

“समितीनं. फार संथ होती म्हणे.”

“पैल्या पानावर म्हातारी नदीत दिवा सोडती. सहाशे पानं तिचा पत्ता न्हाई. अन् काल तोच दिवा वाहत वाहत राजाच्या दारात आला! इथंच बसून रडलो मी. आता पुढचं तुमची समिती सांगती का?”

मी उगाच नोंदवही चाळू लागलो.

“पंक्चर सापडायला अख्खी ट्यूब पान्यात फिरवावी लागती, सर. तुमच्या लोकांनी टोक बुडवलं अन् ट्यूबच फेकली!”

तो पुन्हा आला नाही. ‘तुमचे लोक’ म्हणजे मी एकटाच, हे मी बोललो नाही. त्याबद्दल स्वतःचाच संताप अजून येतो. यंदा ती कादंबरी मागवली. दिव्यापाशी मीही रडलो आणि तिथंच थांबलो.

उद्या पुस्तक घेऊन त्याच्या दुकानावर जाणार आहे. आधी शेरा कुणाचा ते सांगेन. पुढची पानं माझ्याआधी त्यानं वाचावीत.