एकाच गाडीतून पडलेले दोन हात
१९५९ च्या माघात पुण्याहून एक संशोधक आमच्या गावी आले, दुखण्याला खर्च किती झाला आणि गुण किती आला ते विचारायला. ओसरीवर मी आणि माझा शेजारी होतो. एकाच बैलगाडीतून पडून आम्हा दोघांचे उजवे कोपर मोडले होते. पुण्याच्या दवाखान्यात माझे एकशेवीस रुपये गेले. त्याने हाडवैद्याला एक कोंबडी दिली होती. "हात खांद्याला लावा," संशोधक म्हणाले. त्याचा सहज लागला, माझा वीतभर अलीकडेच अडला. "दादा, तुमचं हाड लई म्हागाचं, वाकंल कसं?" तो हसला. पावत्या मी जपून ठेवल्या होत्या, पण संशोधक त्याचेच कोपर निरखत बसले, आणि माझा जळफळाट झाला. त्या एकशेवीसपेक्षा मला आजही जास्त सलतात ते पुढच्या सुगीतले नऊ रुपये. माझ्याने भात झोडवेना, म्हणून ते मजुरीचे द्यावे लागले, आणि दिले त्यालाच.