तिच्या मागची जागा

माझी आई संगीत बारीत गाणारी होती, ही गोष्ट इथे आखातात, दोह्यात मी कुणालाही सांगितली नव्हती. कुणी विचारलंच तर "शिवणकाम करायची" म्हणून विषय मिटवायचे. आणि ती इथे येऊन पंधरवडा झाला नसेल, तोच तिनं ते खालच्या मजल्यावरच्या बाईला मेथी निवडता निवडता सांगून टाकलं.

ही बाई पुण्याची. नवरा गॅस कंपनीत इंजिनीअर, स्वतः लहानपणापासून शास्त्रीय शिकलेली, आणि दिसायला अशी देखणी की लिफ्टमध्ये शेजारी उभं राहणं नको वाटावं. फुटबॉलचा वर्ल्डकप जवळ आला होता. फरीज बिन ओमरान या आमच्या भागातला बिल्डिंगसमोरचा रस्ता पुन्हा खणला होता, माझं ऑफिस स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या ड्रॉइंगमध्ये बुडालं होतं, आणि इथल्या मराठी मंडळींना येणाऱ्या पाहुण्यांपुढे आपली कला मांडायचे वेध लागले होते. त्या कार्यक्रमात हिला बैठकीची लावणी म्हणायची होती.

"मावशी, मला शिकवाल?"

"ये की शुक्रवारी," आई म्हणाली. इतकं सोपं होतं ते.

मला तिनं एक ओळसुद्धा शिकवली नाही. शिकवणं राहू दे, माझ्यासमोर ती कधी गायलीच नाही. मला कळायला लागायच्या आत तिनं मला नाशिकच्या वसतिगृहात ठेवलं. भेटायला यायची ती फिकी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, एखाद्या शाळामास्तरणीसारखी. "जेवतेस का नीट? अभ्यास कर," एवढं बोलून परत जायची. ती जिथे गायची ते थिएटर मी बाहेरूनही पाहिलेलं नाही.

आणि आता सुट्टीच्या सकाळी माझ्याच हॉलमध्ये सतरंजी अंथरली जायची आणि मी स्वयंपाकघरात कांदा चिरत माझ्या आईचं आयुष्य ऐकायचे. दुसरीला सांगितलेलं.

थिएटरात सात-आठ पार्ट्या असायच्या म्हणे. ज्या पार्टीची बारी येईल तिनं स्टेजवर जायचं, मग शौकीन लोक खोलीवर येऊन खासगी बैठक लावायचे. माईक नव्हता. शेवटच्या बाकड्यावरच्या माणसालासुद्धा शब्द न् शब्द कळला पाहिजे, नाहीतर आजी, म्हणजे आईची आई, हात मागे नेऊन चिमटा काढायची. पुढे आजीचा आवाज बसला आणि भर बैठकीत तिनं आईला पुढे ढकललं. त्या दिवसापासून पार्टी आईच्या नावावर चालली. एकच ओळ ती कधी रुसून, कधी लाडात, कधी टोमणा मारून अशी घोळवायची की ऐकणारा उठायचं विसरायचा. लोक जीपा करून लांबून यायचे. मग कॅसेटी आल्या आणि तेच लोक सिनेमातली गाणी मागायला लागले.

"मग, मावशी?"

"मग तीबी म्हटली. हाटेलात भांडी घासन्यापरीस बरं. हॉस्टेलात एक पोर हुती ना माझी."

ती पोर भिंतीपलीकडे उभी होती. तिच्याबद्दल एवढंच बोलून आई पुढच्या ओळीकडे वळली.

"वॉव, मावशी!" बाई म्हणायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिला ते सगळं कल्चर वाटत होतं. लावणी म्हणून झाली की ती पुन्हा इंजिनीअरची बायको होणार होती. मी तीच लावणी म्हटली असती, तर लोकांनी आधी माझ्या आईची चौकशी केली असती. आणि आई तिला "बाय माझी" म्हणायची, तिच्या तोंडावर आलेली बट मागे सारायची. माझे केस वसतिगृहातल्या बाई विंचरायच्या.

संगीत बारीतली रीत अशी की शिकणारीनं समोर नाही, गाणारीच्या मागे डावीकडे बसायचं, मांडीवर ताल धरायचा आणि ऐकता ऐकता तिचा गळा उचलायचा. बाई तिथे ऐटीत बसायची. एका शुक्रवारी तिला कार्यक्रमासंबंधी कुणाचा तरी फोन आला म्हणून ती बाहेर गॅलरीत गेली. आई डोळे मिटून गुणगुणत होती. मी हात पुसले आणि जाऊन त्या जागी बसले. मांडीवर ताल धरला.

माझ्या हाताला कांद्याचा वास असणार. आई थांबली.

"ऊठ तिथनं."

"का?"

"ऊठ म्हनते ना!"

"तिला चालतं आणि मला नाही?" माझा आवाज चढला. "मी तुझी पोटची मुलगी आहे. मला काहीच दिलं नाहीस आणि त्या परकीला सगळं देत सुटलीस! जळते मी तिच्यावर. रोज जळते."

आई वळली. तिला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"ती गानं शिकून घरला जाती," ती म्हणाली. "आमच्यात पोरगी आईच्या मागं बसली की समोरची मानसं तिच्याकडं बघाय लागत्यात. कवा पुढं यील म्हनून वाट बघत्यात. म्या बसले तवा दुधाचं दात पडलं नव्हतं. तुला तिथं बसू दिलं न्हाई, एवढंच एक काम म्या जल्मात केलं."

ती म्हणाली ते खरं होतं. मला ते पटलंही. पण पटलं म्हणून जळणं थांबलं नाही.

बाई आत आली आणि आमचे चेहरे बघून दारातच थबकली. आईनं तिला खुणेनं तिच्या जागेवर बसवलं. मग मला म्हणाली, "तू समोर बस. गाते तुज्यासाठी."

मी समोर बसले, शौकिनांच्या जागेवर. आणि आई गायली, पहिल्यांदा माझ्यासाठी, पूर्ण लावणी. पदराच्या काठाशी बोटं खेळवत ती रुसली, हसली, माझ्या डोळ्यांत डोळे घालून एकच ओळ पुन्हा पुन्हा वळवून वळवून म्हणाली. सत्तरीची बाई, पण नजर हटू नये अशी. तरी ते हसू माझं नव्हतं. समोर बसेल त्याला ती ते आयुष्यभर देत आली होती. तिचा डावा हात मात्र मागे गेला होता. मागे न बघताच त्यानं त्या बाईचा गुडघा शोधला होता आणि तो हलक्या थापांनी तिला ताल देत होता. गाणं संपेपर्यंत मी तेवढा हात बघत राहिले.